रेजेक्स१०१ : अक्कलकोट रोडवरच्या टॉवेल कारखान्यातून

दुपारी सव्वातीन वाजले की आमच्या पॅकिंग खात्यातली बारकोड स्कॅनरं मान टाकायची. सलग आठ दिवस. सकाळी झकास चालायची, जेवणाच्या सुट्टीपर्यंत तक्रार नाही, आणि दुसरी पाळी आत आली की एकेकाच्या पडद्यावर नेटवर्कच्या चिन्हावर फुली. मग जकार्ड खात्यातले अण्णा जिन्याखालून ओरडायचे, "नेट चालंना बे!" अण्णांचा स्कॅनरशी काही संबंध नाही, त्यांचं मोबाइलवरचं भजन बंद पडायचं. पण ओरडायला तेच पहिले.

आधी माझं सांगतो, म्हणजे हा अभिप्राय कुठल्या तोंडचा ते कळेल. मी इंजिनिअर नाही. वीस वर्षांपूर्वी चादरीची डिझाइनं कॉम्प्युटरवर काढायला लागलो, मग कॉम्प्युटर बिघडला की मीच, प्रिंटर अडकला की मीच, असं करत करत सोलापुरातल्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टेरी टॉवेलच्या कारखान्याचा 'नेटवर्कवाला' झालो. लिनक्स पुण्याच्या भाच्याकडून शिकलो, फोनवर. आणि रेग्युलर एक्स्प्रेशन, म्हणजे मजकुरात हवा तो आकार शोधायचा चिन्हांचा नमुना, ज्याला सगळे रेजेक्स म्हणतात, ते शिकलो रेजेक्स१०१ या वेबसाइटवर. तिच्यावर मराठीत कुणी सविस्तर लिहिलेलं मला दिसलं नाही, म्हणून हे.

वेबसाइट फुकट आहे. फिरास डिब नावाच्या माणसाने ती सुरू केली. उघडली की वर एक पट्टी, तिथे तुम्ही नमुना लिहायचा. खाली मोठी मोकळी जागा, तिथे मजकूर चिकटवायचा. लिहिता लिहिताच जुळणारा मजकूर रंगतो : पूर्ण जुळणी निळी, तिच्यातला पहिला गट हिरवा. उजवीकडे वर एक रकाना, त्यात तुमच्या नमुन्यातल्या एकेका चिन्हाचा अर्थ इंग्रजीत फोड करून सांगितलेला असतो. त्याखाली कुठल्या जागेवर काय सापडलं त्याची यादी. डावीकडे भाषा निवडायची. एवढं पहिल्या पाच मिनिटांत कळतं, त्यासाठी कुणाला विचारावं लागत नाही.

खरी किंमत कळते ती खरा लॉग समोर असतो तेव्हा. आमच्याकडे आयपी पत्ते वाटायचं काम एका जुन्या लिनक्स मशीनवर चालतं, आयएससी या संस्थेचा डीएचसीपी सर्व्हर. (आयएससीने त्याची देखभाल २०२२ मध्ये थांबवली, पुढचा म्हणून कीआ आहे. बदलायचंय. मालकांना सांगून झालंय.) डीएचसीपी म्हणजे गड्ड्याच्या यात्रेतली धर्मशाळा. यंत्र दारात येतं, खोली मागतं, सर्व्हर ठरावीक मुदतीसाठी एक पत्ता देतो आणि वहीत नोंद करतो. ती वही म्हणजे लॉग. त्यातली एक नोंद, म्हणजे पत्ता दिल्याची, देवनागरीत लिहायची तर अशी :

डीएचसीपीएके ऑन १९२.१६८.१०.१५७ टू ३सी:५२:८२:०ए:४१:९एफ (पॅकिंग-पीसी-२) व्हाया ईटीएच१

पत्ता, यंत्राचा मॅक क्रमांक (म्हणजे त्याच्या नेटवर्क कार्डाची ओळख), कंसात यंत्राने स्वतःचं सांगितलेलं नाव, आणि कुठल्या तारेवरून आलं ते. एका सोमवारच्या लॉगमध्ये अशातशा १८,६०४ ओळी होत्या. मला हवं होतं फक्त मॅक आणि नाव : दिवसभरात किती वेगळी यंत्रं आली ते मोजायला. दीडशे खोल्यांची धर्मशाळा आहे आमची, पत्त्याचा शेवटचा आकडा १०० ते २४९.

नावासाठी मी पहिल्यांदा जे लिहिलं ते कुणीही लिहील : `\((.*)\)`. कंस उघडतो, मधे काहीही, कंस मिटतो. बाहेरच्या कंसांना बॅकस्लॅश, कारण रेजेक्समध्ये नुसता कंस म्हणजे गट. पत्ता दिल्याच्या ओळींवर सगळं ठीक. पण लॉगमध्ये पत्ता मागितल्याच्याही ओळी असतात आणि त्यांत दोन कंस असतात : एकात सर्व्हरचा पत्ता, दुसऱ्यात यंत्राचं नाव. तिथे हिरवा रंग पहिल्या कंसापासून सुरू झाला तो थेट शेवटच्या कंसापर्यंत गेला. सर्व्हरचा पत्ता, 'फ्रॉम', मॅक, सगळं पोटात घालून. चांदणी (*) हावरी असते, जमेल तेवढं खाते आणि मग नाइलाजाने एकेक अक्षर परत देते. हे वाक्य मी याआधी दहा ठिकाणी वाचलं होतं. डोक्यात शिरलं ते ओळभर पसरलेला हिरवा रंग बघून.

उपाय दोन. चांदणीमागे प्रश्नचिन्ह लावून तिला कमी खायला सांगायचं, किंवा 'मिटणारा कंस सोडून काहीही' असं स्पष्ट म्हणायचं : `\(([^)]+)\)`. मी दुसरा घेतो. तो वाचायला सोपा आहे, आणि साइटवर नमुन्याच्या पट्टीच्या टोकाला 'इतक्या जुळण्या, इतकी पावलं' असा आकडा येतो, त्यात पावलंही कमी पडतात. पावलांचा हा आकडा नवखे लोक बघत नाहीत. बघावा. २ जुलै २०१९ ला क्लाउडफ्लेअर या इंटरनेट कंपनीच्या फायरवॉलमध्ये एक असाच पावलं वाढवणारा नमुना गेला आणि जगभरातल्या त्यांच्या मशिनांचे प्रोसेसर त्याच्यातच अडकले. २७ मिनिटं साइट्स बंद होत्या, हे त्यांनी स्वतःच सविस्तर लिहून ठेवलंय. रेजेक्स१०१ वर नमुना असा हाताबाहेर गेला तर ती मधेच थांबून तसं सांगते. शिवाय भाषेच्या यादीत पीसीआरई (रेजेक्सची एक बोली) निवडलं असेल तर डीबगर आहे. नमुना एकेक पाऊल पुढे कसा जातो, कुठे आपटतो, मागे कसा येतो, ते बटण दाबत दाबत बघता येतं. मी एका रविवारी दुपारी, बाहेर ४२ अंश असताना, कूलरपुढे बसून दोन तास फक्त हे बघितलं. बायको म्हणाली, गेम खेळताय का. जवळजवळ तसंच.

भाषा निवडायचं मात्र मन लावून करा. डावीकडे पीसीआरई२, जावास्क्रिप्ट, पायथन, गो, जावा, डॉटनेट, रस्ट अशी यादी आहे. दिसायला सगळ्यांचं रेजेक्स सारखं, पण सोलापुरात तेलुगू, कन्नड आणि मराठी घरांतली 'आमटी' जेवढी सारखी असते तेवढंच. तुम्ही शेवटी नमुना चालवणार आहात ग्रेपमध्ये, म्हणजे नमुन्याला जुळणाऱ्या ओळी शोधून देणाऱ्या लिनक्सच्या आज्ञेत. ग्रेप केन थॉम्पसनने लिहिलेला, १९७३ च्या युनिक्समधला, आजही लॉग चाळायला त्याच्याइतकं हाताशी असलेलं दुसरं काही नाही. पण नुसत्या ग्रेपची बोली जुनी आहे : तिच्यात अधिकचं चिन्ह म्हणजे खरोखर अधिकचं चिन्हच, 'एक किंवा जास्त' नव्हे. ही जुनी बोली साइटच्या यादीत नाही. म्हणून ग्रेपला मोठ्या पीचा पर्याय द्यायचा आणि साइटवर पीसीआरई२ ठेवायचं, म्हणजे दोन्हीकडे एकच भाषा. मी पहिले दोन महिने हे न करता 'साइटवर चालतं, मशीनवर का चालत नाही' म्हणून भाच्याचं डोकं खाल्लं.

आपल्यासाठी एक खास गंमत आहे ती इथेच सांगतो. बॅकस्लॅश-डी म्हणजे अंक, हे सगळीकडे लिहिलेलं असतं. कोणता अंक? पायथन निवडा आणि मजकुरात देवनागरी ५७ टाका : रंगतो. जावास्क्रिप्ट निवडा : रंगत नाही, त्याच्या लेखी अंक फक्त इंग्रजी. ग्नू ग्रेपवाल्यांचीही यावरून धावपळ झाली होती. २०२३ मध्ये ३.९ आवृत्तीत मोठ्या पीसोबत बॅकस्लॅश-डी इतर लिप्यांचे अंकही धरायला लागलं आणि लगेच ३.१० मध्ये ते पुन्हा इंग्रजी अंकांपुरतं केलं गेलं. राउटरच्या लॉगमध्ये देवनागरी अंक येत नाहीत, पण आमच्या गेटवरची यादी मराठीत टाइप होते आणि मला ती लॉगशी जुळवायची असते. आता मी दोन्हीकडे चौकटी कंसात शून्य ते नऊ स्वतः लिहितो. कुणाच्या मर्जीवर राहत नाही.

तर आता माझी चूक. नमुना तयार झाला : पत्ता, मॅक, एक मोकळी जागा, कंसात नाव, व्हाया. लॉगमधल्या पत्ता दिल्याच्या पहिल्या वीस ओळी साइटवर टाकल्या, वीसच्या वीस रंगल्या. उजवीकडची फोड वाचली, एकेक चिन्ह बरोबर. नमुना ग्रेपमध्ये नेला, सगळ्या लॉगवर चालवला, मॅकची छाननी करून दुहेरी काढून टाकले. उत्तर आलं ९७. दीडशे खोल्या, ९७ पाहुणे. मालकांना जाऊन सांगितलं, पत्ते भरपूर शिल्लक आहेत, दोष वायफायच्या डब्यांत दिसतो. मालकांनी नव्या डब्यांचं कोटेशन मागवलं. आकडा बघून त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेने बघितलं ती अजून आठवते.

दुसऱ्या दिवशी सव्वातीनला पुन्हा तेच. मी जकार्ड खात्यात जाऊन बसलो. अण्णा तयार चादर तपासत होते. आमच्या सोलापुरी चादरीला पुढून जी नक्षी दिसते तीच मागून उलट्या रंगात दिसते, पांढऱ्याच्या जागी लाल, लालच्या जागी पांढरा. अण्णांची पद्धत अशी की पुढची बाजू एक नजर, आणि मग चादर उलटी करून मागची बाजू बोटांनी, सावकाश. मी विचारलं, "अण्णा, पुढून एवढी चांगली दिसतेय, मागून काय बघताय?" म्हणाले, "पुढून डिझाइन दिसतंय रे. सुटलेला धागा मागनंच घावतो."

मी उठून वर आलो आणि ग्रेपला छोट्या व्हीचा पर्याय दिला. म्हणजे जुळतं ते नको, न जुळणाऱ्या ओळी दाखव.

पडद्यावर पत्ता दिल्याच्या ओळींची रांग लागली, ज्यांत कंसच नव्हता. यंत्राने स्वतःचं नाव सांगितलं नाही तर सर्व्हर रिकामा कंस लिहीत नाही, कंसच गाळतो. माझ्या नमुन्यात नाव सक्तीचं होतं. आणि मी साइटवर टाकलेल्या पहिल्या वीस ओळी कुठल्या? पहाटे साडेसहाच्या, ऑफिसचे कॉम्प्युटर आणि पॅकिंगची मशिनं चालू होतात तेव्हाच्या. त्या सगळ्यांना मी स्वतः नावं दिलेली. निनावी मंडळी आत येतात ती पाळीबरोबर, खिशातल्या मोबाइलमध्ये. दुरुस्ती पाच सेकंदांची : मोकळी जागा आणि कंस मिळून एक गट, मागे प्रश्नचिन्ह, म्हणजे असला तर असो : `( \([^)]+\))?`. पुन्हा मोजलं. १५०. एक जास्त नाही, एक कमी नाही. धर्मशाळा पूर्ण भरलेली.

त्याच उलट्या बाजूला आणखी एका प्रकारच्या ओळी होत्या, ज्यांच्याकडे माझा नमुना बघतच नव्हता कारण त्या पत्ता दिल्याच्या नव्हत्याच. 'नो फ्री लीजेस'. साध्या इंग्रजीत, खोली शिल्लक नाही. सोमवारच्या एका दिवसात २,३१७ वेळा. पहिली दुपारी तीन वाजून अकरा मिनिटांनी. म्हणजे रेजेक्स न लिहिता, हे तीन शब्द ग्रेपमध्ये शोधले असते तर चहा थंड व्हायच्या आत उत्तर मिळालं असतं. मी दोन दिवस कंस आणि चांदण्या करत बसलो होतो. कोटेशन रद्द झालं, माझी थट्टा अजून चालू आहे.

यात रेजेक्स१०१ चा दोष किती? मी म्हणेन, जवळजवळ नाही. तिला मी जे दाखवलं ते तिने बरोबर रंगवलं. पण तिची घडणच अशी आहे की जुळलेलं चमकतं आणि निसटलेलं पांढऱ्यावर पांढरं राहतं. वीस ओळींत ते डोळ्याला दिसतं, दोनशे ओळींत दिसत नाही. न जुळणाऱ्या ओळी वेगळ्या काढून देणारं बटण मला हवंय. तोवर माझा रिवाज असा : साइटवर नमुना घडवायचा, मग मशीनवर आधी छोटा व्ही, नंतर उरलेलं. आणि चाचणीच्या ओळी वरून वीस नाही घ्यायच्या. पहाटेच्या काही, दुपारच्या काही, रात्रीच्या काही. वीज जाऊन आल्यानंतरच्या तर हमखास, सगळ्यात चमत्कारिक ओळी तिथे मिळतात.

मोबाइलचं पुढे काय झालं ते सांगायला हवं, कारण तिथे साइटने खरंच जीव ओतला. सव्वातीनचं कारण हे की पहिल्या पाळीचे मोबाइल घरी गेले तरी त्यांच्या खोल्या २४ तासांसाठी अडवलेल्या राहत, आणि दुसरी पाळी आपले मोबाइल घेऊन दारात. आता निनावी ५३ पैकी खरे मोबाइल किती? अँड्रॉइड १० पासून आणि आयफोनच्या आयओएस १४ पासून मोबाइल वायफायला आपला खरा मॅक दाखवत नाहीत, बनावट दाखवतात. पण बनावट मॅक ओळखू येतो. पहिल्या जोडीतलं दुसरं अक्षर २, ६, ए किंवा ई यांपैकी असतं, कारण 'हा कारखान्यात छापलेला नाही, स्थानिक ठरवलेला आहे' हे सांगणारा बिट तिथे बसतो. म्हणजे नमुन्यात एक अक्षर कुठलंही, दुसरं या चौघांपैकी, मग विसर्गासारखे दोन ठिपके. साइटवर अर्ध्या मिनिटात तयार झाला, उजवीकडच्या फोडीत वाचून खात्री केली. ५३ पैकी ४९ बनावट निघाले. उरलेल्या चारांत एक मालकांच्या केबिनमधला टीव्ही होता.

एक इशारा, आणि हा गंमतीचा नाही. सेव्ह केलं की साइट एक लिंक देते. त्या लिंकमागे तुमचा नमुनाच नाही, तुम्ही चिकटवलेला मजकूरही जातो. ज्याच्याकडे लिंक, त्याच्याकडे तुमच्या कारखान्यातल्या यंत्रांची यादी. मी सुरुवातीला भाच्याला अशा लिंक बिनधास्त पाठवत होतो. आता लॉगच्या ओळी बाहेर काढण्याआधी घरच्याच मशीनवर सेड (मजकूर बदलणारी आज्ञा) चालवून पत्ते बदलतो, १९२.०.२ ने सुरू होणारे पत्ते उदाहरणांसाठीच राखून ठेवलेले आहेत, ते टाकतो. मॅकचे शेवटचे तीन जोड पुसतो. रेजेक्सला आकार हवा असतो, खरी माहिती नको. शिवाय सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या आदेशाप्रमाणे १८० दिवसांचे लॉग आपण जपून ठेवायचे, ते दुसऱ्याच्या सर्व्हरवर सांडून कसं चालेल. (१८० दिवस ठेवायला लागल्यावर कळतं की जुन्या पद्धतीच्या सिसलॉगमध्ये, म्हणजे मशीनच्या नोंदवहीत, तारखेला सालच नसतं. जानेवारीत गड्डा भरला की माझ्या यादीत डिसेंबर सगळ्यात खाली जाऊन बसतो. तो वेगळाच विषय.)

नमुना पाठवायचा झाला तर मोबाइलच्या चॅटमध्ये टाकू नका. दोन चांदण्यांमधला मजकूर तिथे ठळक होतो आणि चांदण्या गायब. भाच्याने पाठवलेला एक नमुना मी अख्खी संध्याकाळ तसाच वापरत बसलो होतो. तेव्हा लिंकच बरी, फक्त पुसलेल्या मजकुराची.

इंग्रजीची भीती असणाऱ्यांसाठी : फोडीचा रकाना इंग्रजीत आहे, पण त्यात तेच तेच चाळीसेक शब्द फिरतात. आमच्या स्टोअरमधला बारावी झालेला पोरगा पंधरा दिवसांत वाचायला लागला. आता पॅकिंग लिस्टमधले ऑर्डर नंबर तो स्वतः काढतो, मला विचारत नाही, आणि माझ्यापेक्षा आखूड नमुने लिहितो. थोडं लागतं मनाला.

पाचपैकी साडेचार. अर्धा त्या नसलेल्या बटणाचा.

स्कॅनरं आता वेगळ्या जाळ्यावर आहेत, मोबाइलांना पाहुण्यांचं जाळं, तिथे खोली दोनच तासांची. सव्वातीनचा त्रास गेला. परवा अण्णा पुन्हा जिन्याखालून ओरडले, भजन मधेच तुटतंय म्हणून. पाहुण्यांच्या जाळ्याचा लॉग अजून उघडला नाही मी. आधी छोटा व्ही लावून बघणार आहे.